करसल्ला घ्यायला आलेल्या माणसाला दानाबद्दल विचारावं का?

खतावणी | १८ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१०

१६ तारखेला विवरणपत्रांची मुदत संपली, ऑडिटं अजून उरावर आहेत, तरी आज हे लिहून टाकते. पितृपंधरवडा चालू आहे म्हणून असेल, पण एक क्लायंट सारखे डोळ्यांसमोर येताहेत.

मी सांगली भागात सीए आहे, प्रॅक्टिसला तेवीस वर्षं झाली. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांना नाना म्हणू. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. दर जुलैत यायचे. कापडी पिशवीत पासबुकं, ठेवींच्या व्याजाचे दाखले आणि त्यांच्या जुन्या शाळेची पाच हजारांची पावती. नाना ‘कमवा आणि शिका’वर शिकलेले. कर्मवीरांचं नाव निघालं की खुर्चीत सावरून बसायचे. ती पावती मी ८०जी (देणगीवरच्या वजावटीचं कलम) मध्ये टाकायची, “अडीच हजारांची वजावट मिळाली” म्हणून सांगायची, की झालं काम.

मग नाना नव्या करप्रणालीत गेले. तिथं ८०जी नाहीच. मी म्हटलं, “आता ही पावती नाही आणली तरी चालेल.” तर म्हणाले, “असू दे की, तुमच्याकडं राहू दे.” आणि पुढच्या वर्षीही आणली! तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. एकदा चहा पिताना सहज म्हणाले, “माझ्यामागं फ्लॅट न् ठेवी, सगळं शाळेलाच जायचंय.” मी हसले. “अजून बरीच वर्षं आहेत, नाना” म्हटलं आणि पुढची फाइल ओढली.

नाना झोपेतच गेले. मृत्युपत्र नव्हतं. सख्खे भाऊबहीण आधीच वारलेले, त्यामुळे कायद्यानं सगळं पुतण्या-भाच्यांत वाटलं गेलं. त्यांचा काडीचाही दोष नाही. नानांच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं.

इथं सीए, वकील, गुंतवणूक सल्लागार बरेच आहेत. तुम्ही क्लायंटला दानाबद्दल स्वतःहून विचारता का? की कोणी पावती पुढं केली की कलम सांगून मोकळे होता, माझ्यासारखे?

---

उंटावरचा_शहाणा | १८ सप्टेंबर, रात्री ११:४२

नानांचं वाईट वाटलं. तरी विरोधी मत नोंदवतो. सीएनं हिशेब बघावा. माझा पैसा देवळात टाकीन, शाळेला देईन नाहीतर गोव्यात उडवीन. उद्या डॉक्टर विचारतील, “रक्तदाब ठीक आहे, बाकी अनाथाश्रमाला काही देता का?” ज्याच्या हातात माझ्या सगळ्या ठेवींची यादी आहे त्यानं असं विचारलं, तर तो प्रश्न उरत नाही, दडपण होतं. (हलके घ्या. पण थोडंच.)

---

टेम्सकाठी | १९ सप्टेंबर, पहाटे २:१५

उंटरावांचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच एक प्रयोग सांगते. २०१३ साली इथं ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला होता. मृत्युपत्र करायला फोन करणाऱ्या लोकांचे तीन गट केले. पहिल्या गटाला दानाबद्दल काहीच विचारलं नाही. त्यातल्या शंभरातल्या पाचांनी आपणहून संस्थेच्या नावे काही ठेवलं. दुसऱ्याला नुसतं विचारलं, “एखाद्या संस्थेला काही ठेवायचंय का?” तिथं आकडा साधारण दहावर गेला. तिसऱ्याला विचारलं, “बरेच जण ठेवतात, तुमच्या जिव्हाळ्याचं असं एखादं काम आहे का?” तिथं पंधरा.

म्हणजे शंभरातल्या पंच्याऐंशींनी तरीही नाही म्हटलं. दडपण असतं तर एवढे नकार आले नसते. मला वाटतं, लोकांच्या मनात असतं, पण तो विषय काढायची जागा मिळत नाही. नानांनी चहा पिताना काढला तसा.

इथं वकील विचारतात त्याला व्यवहाराचं कारणही आहे म्हणा. ठरावीक रकमेवरच्या वारसा संपत्तीवर ४० टक्के कर लागतो. निव्वळ मालमत्तेचा दहावा हिस्सा धर्मादाय संस्थेला ठेवला तर उरलेल्यावरचा दर ३६ वर येतो. भारतात वारसा कर १९८५ सालीच गेला, त्यामुळे तिथल्या वकिलाला विचारायला निमित्तच नाही.

---

भोचक_भवानी | १९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

वाचतेय. माझा बाळबोध प्रश्न. आमच्या सासऱ्यांना गुप्तदानच करायचं असतं. पावती नको, नाव नको, पाकीट द्यायचं आणि निघायचं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये वगैरे. त्यांचे सीए म्हणतात, असं करू नका. का नको?

---

खतावणी | १९ सप्टेंबर, सकाळी ९:०५

भवानी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. कायद्यानं गुप्तदान म्हणजे ज्याच्या दात्याचं नाव-पत्ता संस्थेच्या दफ्तरात नाही ते. अशा देणग्या एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यात जे जास्त असेल त्याच्या वर गेल्या, तर त्या वरच्या रकमेवर संस्थेला ३० टक्के कर भरावा लागतो. निव्वळ धार्मिक संस्थांना हे लागू नाही, म्हणून देवळाची हुंडी सुटते. पण सासरे वृद्धाश्रमाला पाकिटं देत असतील, तर पुण्याईतला काही वाटा सरकारजमा व्हायचा.

यावर उपाय सोपा आहे. दफ्तरात नाव द्यायचं, फलकावर लावू द्यायचं नाही. तसं एका ओळीचं पत्र पैशांसोबत जोडायचं. मी एकांना असं पत्र लिहून दिलं होतं, त्यांना एवढं समाधान वाटलं की फी न मागता मिळाली, वर आंबेही. आणि दोन हजारांच्या वर रोख दिलंत तर ८०जी ची वजावट मिळत नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइन.

टेम्सकाठी, प्रयोगाबद्दल मनापासून आभार. “जिव्हाळ्याचं काम” हे शब्द वहीत टिपून ठेवलेत.

---

विश्वस्त_नाइलाजाने | १९ सप्टेंबर, दुपारी १:२०

आता टेबलाच्या पलीकडून. मराठवाड्यात मुलींचं एक छोटं वसतिगृह आहे, मी तिथं विश्वस्त आहे (आयडीवरून कसा झालो ते कळेलच). सल्लागार मंडळींना हात जोडून विनंती, क्लायंटला आमच्याकडं पाठवाल तेव्हा एवढं समजावून पाठवा.

आमच्याकडं १४ पंखे आहेत. अकरांवर “कै. अमुक यांच्या स्मरणार्थ” आहे. वीजबिल द्यायला मात्र कोणी तयार नाही. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, गृहमातेचा पगार, सेप्टिक टँकचा उपसा, यांच्या स्मरणार्थ कुणाला काही करायचं नसतं. मुलांचे वाढदिवस साजरे करायला येणाऱ्यांची रीघ असते, जिलबी येते, फोटो निघतात. मुलींची परीक्षा चालू असली तरी.

सर्वांत उपयोगी देणगी कोणती म्हणाल, तर तीन वर्षं दरवर्षी ठरावीक रक्कम देईन असं आधी कळवून, कशावर खर्च करा ते न सांगता दिलेली. अशी आम्हाला एकाच दात्याकडून मिळते. तिच्या जोरावर गृहमातेला आम्ही “पुढच्या वर्षी पण या” म्हणू शकलो. मध्ये दोन वर्षांत तिघी सोडून गेल्या होत्या.

आणि कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पसला देत असाल तर तसं लेखी द्या. तोंडी सांगून चालत नाही. लेखी नसेल तर ती रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते आणि मार्चपर्यंत खर्च दाखवायची धावपळ आमच्या मागं लागते.

---

भोचक_भवानी | १९ सप्टेंबर, दुपारी १:४४

जिलबी आणि परीक्षा. आई गं. गेल्या वर्षी आम्हीच केलंय हे.

---

ट्रेलवाला | १९ सप्टेंबर, सायंकाळी ६:५०

खरं बोलतो, शिव्या घाला. मी म्युच्युअल फंड वितरक आहे. माझं पोट ट्रेल कमिशनवर (पैसे फंडात राहतील तोवर मिळणाऱ्या कमिशनवर) चालतं. क्लायंटचे ५० लाख असतील आणि त्यातले दहा त्यानं संस्थेला दिले, तर माझा ट्रेल पाचव्या हिश्श्यानं घटला. मी स्वतःहून दानाचा विषय कधी काढलाय का? नाही. आठवणीत राहत नाही असं स्वतःला सांगतो.

पण एक अनुभव आहे. एका बाईंनी विषय काढला, मी तोंडावर बरं म्हटलं आणि टाळत राहिलो. वर्षभरानं सगळाच पोर्टफोलिओ दुसरीकडं गेला. दहा वाचवायला गेलो आणि पन्नास घालवले.

एक तांत्रिक प्रश्न. त्यांच्याकडं जुने शेअर होते, बरेच वाढलेले. विकून पैसे द्यावेत की शेअरच द्यावेत? मी विकायला सांगितलं होतं. चुकलो का?

---

खतावणी | १९ सप्टेंबर, रात्री १०:३०

शिव्या कशाला, हे कबूल करणारे तुम्ही पहिलेच भेटलात.

शेअरचं उत्तर माणसागणिक बदलतं, पण आकडेच मांडू. समजा एक लाखाचे शेअर सहा लाखांचे झालेत. विकले तर नफा पाच लाख, त्यातले सव्वा लाख माफ, उरलेल्या पावणेचार लाखांवर साडेबारा टक्के आणि वर उपकर, म्हणजे ४८,७५० रुपये कर. उरलेले साडेपाच लाख संस्थेला दिले. जुन्या करप्रणालीत, वीस लाख इतर उत्पन्न असलेल्या माणसाला वाटतं की निम्म्यावर, म्हणजे पावणेतीन लाखांवर, वजावट मिळेल. मिळत नाही! बहुतेक संस्थांच्या बाबतीत उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. इथं दोन लाखच धरले जातात आणि त्याच्या निम्मा एक लाख वजा होतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात वाचले ३१,२०० रुपये. कर भरला ४८,७५०.

उलट शेअर थेट संस्थेच्या डीमॅटला भेट दिले, तर वस्तुरूप देणगी म्हणून ८०जी शून्य, पण दात्याला भांडवली नफ्याचा करही शून्य आणि सहाच्या सहा लाख संस्थेकडं. नव्या करप्रणालीतल्या माणसानं तर विकून देण्यात काहीच अर्थ नाही. मात्र धर्मादाय संस्थेला असे शेअर कायम धरून ठेवता येत नाहीत, ठरावीक मुदतीत विकून मान्य गुंतवणुकीत वळवावे लागतात. त्यामुळे आधी संस्थेच्या ऑडिटरला फोन करावा. पुष्कळ छोट्या संस्थांचं डीमॅट खातंच नसतं.

तेव्हा चुकलात की नाही ते त्या बाईंचं विवरणपत्र बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. (एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, कलमांचे क्रमांक वेगळे. मी सवयीनं ‘८०जी’च म्हणत राहणार, दहा वर्षं तरी.)

---

उंटावरचा_शहाणा | २० सप्टेंबर, सकाळी ८:१५

ट्रेलवाल्यांना मानलं. पण सल्लागारांची दुसरी जात पण बघा की. माझ्या हापिसात एक ‘सल्लागार’ यायचा. लाखाची देणगी चेकनं द्या, पावती घ्या, पाच टक्के कापून बाकी रोख परत. निम्मा मजला रांगेत उभा होता. परताव्याचा मेसेज आला की पेढे. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं देशभर दीडशे ठिकाणी छापे घातले ना, बोगस वजावटींवरून? आता तेच पेढेवाले सुधारित विवरणपत्र कसं भरायचं ते विचारत फिरताहेत. तेव्हा “सल्लागार दानाला मदत करतो” म्हटलं की मला आधी हे आठवतं.

---

खतावणी | २० सप्टेंबर, सकाळी ८:५०

याला दान म्हणू नका. ही करचोरी आहे, आणि करणारा सीए असेल तर आमच्या धंद्याला काळिमा आहे. माझ्याकडंही विचारणारे येतात, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आवाज खाली करून. त्यांना मी दार दाखवते.

आता ते पूर्वीइतकं सोपंही राहिलेलं नाही. २०२१-२२ पासून संस्थेला प्रत्येक दात्याचं नाव, पॅन आणि रक्कम ३१ मेपर्यंत १०बीडी फॉर्ममध्ये खात्याला कळवावी लागते आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र दात्याला द्यावं लागतं. नुसत्या छापील पावतीचे दिवस गेले. प्रामाणिक दात्यांनीही जूनमध्ये संस्थेकडं ते मागून घ्या. देणगी खरी, संस्था खरी, पण कारकुनानं पॅनचा एक आकडा चुकवला म्हणून नोटीस आलेली दोन प्रकरणं सध्या माझ्या टेबलावर आहेत.

---

विश्वस्त_नाइलाजाने | २० सप्टेंबर, सकाळी ९:३०

तो कारकून बहुतेक मीच. पॅन मागायला फोन केला की लोकांना वाटतं फ्रॉड कॉल आहे. गेल्या मे महिन्यात एका काकांनी मला दहा मिनिटं झापलं आणि वर सायबर पोलिसांची धमकी दिली. पाचशे एक रुपये दिले होते त्यांनी.

---

पाटल्या | २० सप्टेंबर, दुपारी ३:००

पहिल्यांदाच लिहितेय इथं. आमच्या बाबांनी ज्यांच्याकडून सल्ला घेतला त्यांनी सगळं चोख केलं. संस्था पारखली, कागदपत्रं नीट, वजावट नीट. फक्त आम्हाला कोणी सांगितलं नाही.

बाबा गेल्यावर कपाट आवरताना फाइल सापडली. गावचं घर विकून आलेल्या पैशांतला मोठा भाग एका रुग्णालयाच्या धर्मादाय विभागाला गेला होता, आईच्या नावानं. आई तिथंच गेली होती. रकमेचं आम्हा भावंडांना काही नाही, दोघंही कमावते आहोत. पण आईच्या नावाचा फलक लागला, त्याचा छोटा कार्यक्रमही झाला असणार, आणि बाबा त्याला एकटे गेले. फोटो आहे फाइलीत. बाबा, दोन डॉक्टर आणि एक अनोळखी गृहस्थ. ते सल्लागार होते म्हणे.

मला अजून कळत नाही की बाबांना आम्ही विरोध करू असं वाटलं, की नुसतं कोणी सुचवलंच नाही.

---

टेम्सकाठी | २० सप्टेंबर, दुपारी ४:१०

पाटल्या, काय लिहू कळत नाही. तो फोटो डोळ्यांसमोर आला.

---

खतावणी | २० सप्टेंबर, रात्री ९:४०

पाटल्या, दोनदा वाचलं. आमच्या गोपनीयतेच्या शिस्तीत क्लायंटच्या मुलांना आम्ही परस्पर सांगू शकत नाही. पण “मुलांना माहीत आहे का?” एवढं बाबांना विचारता आलं असतं. मीही नाही विचारत. पावती, पॅन, टक्केवारी, सगळं विचारते, हे नाही.

---

स्टँपपेपर | २१ सप्टेंबर, सकाळी १०:२०

नाशिकला वकिली करतो, दिवाणी. नानांच्या प्रकरणात समजा मृत्युपत्र झालं असतं, तरी ते कसं झालं असतं यावर बरंच अवलंबून होतं. “माझा फ्लॅट माझ्या शाळेस द्यावा.” अशी वाक्यं मी खूप पाहिलीत. कुठली शाळा? शाळा चालवणाऱ्या संस्थेचं नोंदणीकृत नाव वेगळंच असतं. नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरातल्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावरून उतरवून घ्यावा. उतारा हातात आला की विश्वस्त कोण तेही दिसतं. चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याचे अर्ज) वर्षानुवर्षं पडून असतील, दोन गट आपणच खरे विश्वस्त म्हणत असतील, तर ती फुली समजा. पैसे कोर्टात अडकतील.

दुसरं, सार्वजनिक विश्वस्त संस्थेला एकदा स्थावर मिळालं की ते विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कलम ३६. त्यात काळ जातो, फ्लॅटचा मेंटेनन्स चढत राहतो. संस्थेला त्या फ्लॅटमध्ये काही चालवायचं नसेल, तर मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) नेमावा आणि त्यानं फ्लॅट विकून येणारी रक्कम संस्थेला द्यावी असं लिहावं. विक्री एक्झिक्युटर करतो, संस्थेला पैसे मिळतात. आणि “ती संस्था त्या वेळी अस्तित्वात नसेल तर तशाच कामाच्या अमुक संस्थेस” ही ओळ विसरू नये.

सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे झालं, हा गैरसमज तर रोजचाच. नॉमिनी हा सांभाळणारा, मालक नव्हे. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण घ्या. ऐंशीच्या म्हाताऱ्यानं दोन ऐंशीचे मित्र साक्षीला आणले होते माझ्याकडं. मी परत पाठवले, तिघंही रागावले.

---

म्हापशेकर | २१ सप्टेंबर, सकाळी ११:३५

वकीलसाहेबांना पुरवणी. हे सगळं महाराष्ट्रात. आमच्याकडं गोव्यात माणसाला हवं तसं मृत्युपत्र करताच येत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेलं आहे. मुलंबाळं किंवा आईवडील असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव, उरलेल्या निम्म्याचंच काय ते करा. त्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक, म्हणजे घर आधीच अर्धं बायकोचं. तुमच्या अर्ध्यातलं अर्धं, पूर्ण घराचा चौथा हिस्सा, एवढंच दान करता येतं. जिवंतपणी जास्त देऊन टाकलंत तरी वारस नंतर हिशेब मागू शकतात.

मुंबईत नोकरी केलेले एक काका निवृत्त होऊन गावी आले, येताना मुंबईतल्या सल्लागाराकडून छान छापील मृत्युपत्र घेऊन आले. सगळं घर वाचनालयाला. चार हजार फी दिली होती म्हणे. मी म्हटलं, काका, घराचा पाव भाग वाचनालयाला, ग्रंथपालाला खुर्ची स्वयंपाकघरात टाकावी लागेल.

---

वसईचा_वारा | २१ सप्टेंबर, दुपारी १२:०५

आमच्या ख्रिस्ती लोकांचं तर २००३ पर्यंत वेगळंच होतं. पुतण्या-भाचीइतकं जवळचं नातेवाईक असेल, तर धर्मादायाला काही ठेवायचं मृत्युपत्र मरणाच्या निदान बारा महिने आधी केलेलं असावं लागे, आणि केल्यावर सहा महिन्यांत सरकारी दफ्तरात जमा करावं लागे. मरणाची तारीख कुणाला ठाऊक! सर्वोच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पण आमच्या एका जुन्या वकिलांना अजून ते लागू आहे असंच वाटतं, दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीला त्यांनी परत पाठवलं होतं.

---

ओहायोकर | २१ सप्टेंबर, रात्री ८:३०

अमेरिकेतून. मी आता इथला नागरिक आहे, ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड आहे. गावच्या शाळेला परस्पर पैसे पाठवले. मुख्याध्यापकांचा आठ दिवसांनी फोन: “साहेब, बँकेनं विचारलंय, हे परकीय योगदान आहे का?” मला वाटत होतं मी आपलाच माणूस आहे.

भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं स्वतःच्या कमाईतून दिलं तर ते परकीय योगदान धरत नाहीत. पासपोर्ट बदलला की मी परका. मग संस्थेकडं एफसीआरए (परकीय योगदानाच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. आमच्या शाळेकडं कुठली असणार नोंदणी. पैसे परत घ्यावे लागले. शिवाय अमेरिकेत वजावट मिळायला संस्था इथल्या कायद्यानं मान्य लागते, म्हणून आता महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या इथल्या संस्थेमार्फत देतो.

माझ्या इथल्या सल्लागारानं वाढलेले शेअर डोनर अॅडव्हाइज्ड फंडात (पुढं दान करायसाठी पैसे बाजूला ठेवायच्या फंडात) घालायला लावले. वजावट लगेच मिळाली. पण फंडातून पुढं कधी द्यायचं त्याला मुदत नाही. तीन वर्षं झाली, पैसे तिथंच आहेत, फंडाची फी चालू आहे आणि सल्लागार खूश आहे. विश्वस्त साहेबांचं वीजबिल वाचून लाज वाटली.

---

उंटावरचा_शहाणा | २१ सप्टेंबर, रात्री १०:१५

आज सर्वपित्री. आईच्या नावानं दरवर्षी पान वाढतो. संध्याकाळी बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, “तुला कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?” मी म्हटलं, आईला शेवटी घरी येऊन ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर होत्या, तसल्या कामासाठी काहीतरी. बायको म्हणाली, हे बारा वर्षांत तू मला पण कधी बोलला नाहीस.

मत बदललेलं नाही. सीएनं विचारू नये. बायकोनं विचारावं.

---

ट्रेलवाला | २१ सप्टेंबर, रात्री १०:२२

मत बदललं असं सरळ म्हणा ना राव.

---

भोचक_भवानी | २२ सप्टेंबर, सकाळी ८:००

संस्था निवडायची कशी पण? सल्लागारानं सुचवली तर त्याचाच कोणी मेहुणा विश्वस्त निघायचा. आम्ही आपले गणपतीत ‘लोकसत्ता’मधल्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’तून एखादी निवडतो, नाहीतर पितृपक्षात पुण्यातल्या ‘देणे समाजाचे’ प्रदर्शनाला जाऊन समोरासमोर बोलून येतो.

---

खतावणी | २२ सप्टेंबर, रात्री ९:१५

भवानी, मार्ग उत्तम आहेत. माझ्या मते सल्लागारानं नाव सुचवूच नये. क्लायंटनं नाव आणावं, आपण कागद तपासावेत. मी स्वतः चार संस्थांचं ऑडिट करते. क्लायंटनं त्यातली एखादी निवडली, तर “यांच्याकडून मला फी मिळते” हे आधी सांगते आणि तपासणी दुसऱ्या सीएकडून करून घ्यायला लावते. आणि ताळेबंद वाचण्याआधी एकदा न कळवता जाऊन यावं, दुपारच्या जेवणाच्या वेळी.

आता आजची हकिगत. एक निवृत्त परिचारिका आहेत, जिल्हा रुग्णालयात होत्या. वय ७४, एक मुलगा. एका नोटिशीच्या उत्तरावर सही करायला आल्या होत्या. सही झाली, पर्स उचलली. म्हटलं आता नाही तर कधीच नाही. टेम्सकाठीचं वाक्य तोंडपाठ केलं होतं, पण ऐनवेळी पार विसरले आणि भलतंच विचारलं: “ताई, तुम्ही शिकत होता तेव्हा तुम्हाला कोणी हात दिला होता का?”

पर्स खाली ठेवली त्यांनी. मग पाऊण तास. नर्सिंगला असताना मिरजेत एका बाईंच्या खानावळीत महिन्याचे पैसे थकले, तर त्या बाईंनी पाच महिने डबा बंद केला नाही. खानावळ आता नाही, बाई नाहीत, त्यांचं कोणी आहे का तेही माहीत नाही. “त्यांचे पैसे द्यायचे राहिलेत,” म्हणाल्या. मी विचारलं किती? तर त्यांनी १९७० सालचा आकडा सांगितला, रुपये-पैशांसकट.

मी कलम काढलं नाही, रक्कम विचारली नाही. नर्सिंग कॉलेजच्या मुलींच्या मेसचा विषय त्यांनीच काढला, आणि मीही “बघू” एवढंच म्हटलं. फक्त जाताना विचारलं, “मुलाला ही गोष्ट माहीत आहे का?” नाही म्हणाल्या.

सोमवारी येताहेत परत. मुलाला घेऊन. स्टँपपेपर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, मृत्युपत्राचा मसुदा बघून द्याल का?

---

विश्वस्त_नाइलाजाने | २२ सप्टेंबर, रात्री ९:३१

मेसला द्यायचं असेल तर गॅसबद्दल आधी विचारून घ्या. तांदूळ देणारे पुष्कळ असतात.